पाचवी जागा

बसलीस का लिहायला, कालिना? मग मी बोलते तसंच लिही. शाळेतल्यासारखं गुळगुळीत करू नकोस.

गेनाबद्दल सांगायचं तर आधी तिच्या मिठाबद्दल सांगायला हवं. तिच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी शेगडीच्या डाव्या कडेपासून दोन वीत आणि मागच्या भिंतीपासून एक वीत. साखर तिच्या उजवीकडे चार बोटं. सुरी खिडकीखाली, मूठ दाराकडे. एकदा आम्ही दोघी तिच्याकडे बानित्सा करत होतो. मी चीज कुस्करलं, मीठ घातलं, बरणी ठेवली. ती पाठमोरी, पोळी लाटत होती. वळली आणि म्हणाली,

"रादामावशी, मीठ."

"काय झालं मिठाला?"

"दोन बोटं पुढे आलंय."

मी म्हटलं, "अगं बाई, मीठ आहे ते! चालत जातंय होय कुठे?" पण तिनं हात पुसले, बरणी मागे सारली, आणि मगच लाटणं पुन्हा हातात घेतलं.

मला हसू फुटलं, आणि मग आठवलं तशी जीभ चावली. तिचा नवरा स्तामेन. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले होते. अकरा वर्षं तो माणूस त्या घरात काही न दिसता राहिला. पण स्वतःची कॉफी स्वतः करायचा, टोमॅटो चिरायचा, पेल्यात राकिया ओतायचा आणि थेंब सांडायचा नाही. कारण त्या घरात काही हललंच नाही कधी. गेना म्हणायची, "घरात तो आंधळा नव्हता. फाटकाबाहेर होता." त्याला जाऊन सहा वर्षं झाली, मीठ अजून तिथंच.

म्हणजे अशी ही बाई. तिचं खरं नाव गेनोवेवा, पण एवढं कोण म्हणतं?

तरुणपणी ती पंपांच्या कारखान्यात होती. नकाशे काढायची. पंपाच्या पोटातली एकेक चकती, एकेक भोक कुठं असावं ते कागदावर मापानं मांडायचं. एकदा मला समजावलं होतं तिनं. कागदाचा खालचा डावा कोपरा धरायचा. तिथून आडवं इतकं आणि वर इतकं. झालं, भोक तिथंच. "सगळं कोपऱ्यापासून, मावशी. शेजाऱ्याला धरून नाही मोजायचं. शेजारी सरकला की आपणही सरकतो." मी मान डोलावली. मला काय कळणार? मी बाजारात कांदे आणि मिरच्या विकून म्हातारी झाले. अक्षरं मला येत नाहीत, माझं नाव तेवढं ओढते कसंबसं. आकडे मात्र येतात. आकड्यात मला कोणी फसवू शकलेलं नाही.

कारखाना बंद पडला. तिचं ते तिरकं टेबल कोणीतरी उचलून नेलं, त्यावर आता कुणाच्या तरी गच्चीत अक्रोड वाळत असतात म्हणे. मग कधी शाळेत फरशी पूस, कधी पेट्या भर, असं करत करत ती रांगेलच्या छापखान्यात लागली. चर्चच्या मागे तो छापखाना. लग्नाच्या पत्रिका छापतात, दुकानांच्या पाट्या छापतात, पण पोट चालतं ते मयताच्या कागदांवर. आपल्या गावात माणसं मरण्यात कधी खंड पडतो का? आणि एकदा मेलं म्हणजे झालं असंही नाही. मेल्याचा कागद, चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा, मग तिसऱ्या वर्षीचा. वर फोटो, खाली नाव, मग दोन ओळी दुःखाच्या, आणि तळाला घरच्यांची नावं. दारावर लावायचा, बसथांब्यावर लावायचा, झऱ्याजवळच्या लिंडनच्या झाडावर लावायचा. ते झाड तर कागदांनीच उभं आहे असं वाटतं.

आधी रांगेल ते हातानं जुळवायचा, आणि फोटो एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्याची पुतणी रालिना, सोफियात कॉम्प्युटर शिकलेली, तिनं तसलंच मशीन आणून दिलं आणि गेनाला शिकवलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला! आणि ही शिकली. मी विचारलं होतं, "आता तू मशीनवर चित्र काढतेस?"

"चित्र मशीन काढतं."

"मग तू काय करतेस?"

"मी लिहून सांगते, काय कुठं आहे."

"आणि कसं काढायचं ते?"

"ते नाही सांगायचं. फक्त काय, आणि कुठं."

"आणि ते ऐकतं?"

"शब्दन् शब्द."

"म्हणजे स्तामेनपेक्षा बरं," मी म्हटलं, आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

तिनं मला दाखवलंही ते लिहिलेलं. ओळीच ओळी, आणि सगळीकडे चिमणीच्या चोचीसारख्या खुणा. एक चोच उघडली की तिची जोडीची चोच बंद करायची, नाहीतर मशीन गाढवासारखं अडून बसतं. चोचींच्या मध्ये लिहायचं: फोटो, डावीकडून इतका, वरून इतका. नाव, डावीकडून इतकं, वरून इतकं. बस. मशीन तो कागद वाचतं आणि पडद्यावर सगळं जिथल्या तिथं मांडतं. बाजूला एक यादी असते, तिच्यात नावं टाइप केली की ती आपापल्या जागी जाऊन बसतात. माझ्या डोक्यावरून गेलं, पण बघायला छान वाटलं.

रालिनाला मात्र ते आवडत नव्हतं. फोनवर भांडायच्या दोघी, मी ऐकलंय.

"गेनामावशी, असं कोपऱ्यापासून मोजून खिळे ठोकू नका हो! नावं एकाखाली एक रांगेत बांधून टाका, एक वाढलं तर मशीन बाकीच्यांना आपण होऊन सरकवेल."

"मला सरकायला नकोय."

"अहो, पण हल्ली असं कोणी करत नाही."

"मेलेल्याच्या कागदावर काही सरकता कामा नये," गेना म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "आपण होऊन म्हणे. माझ्या आयुष्यात जे जे आपण होऊन सरकलं ना मावशी, त्यातलं काही परत आलं नाही."

आता तुझ्या आजोबांचं सांगते. हो, लाझारचं. लिही, लिही. मी रडत नाहीये.

लाझार गेला तो फेब्रुवारीत, नदीवरून बोचरं वारं येत होतं तेव्हा. तुझी आत्या इस्क्रा इटलीत. तिथं एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते, उठवते, जेवू घालते, धुते. तुझ्या बापानं, बोरिलनं फोन केला. ती म्हणाली, येते. आणि आली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, जमत नाहीये, नंतर सांगते. नंतर काय सांगते? बाप मातीत गेल्यावर? पाद्री वाट बघत होता, माणसं थंडीनं पाय आपटत होती, मी शेवटपर्यंत फाटकाकडे बघत होते. मिन्का शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "परक्या म्हातारीचं ढुंगण धुवायला वेळ आहे, बापाला माती द्यायला नाही." मी तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण माझ्याही मनात तेच होतं ना.

पहिला कागद पुरणाऱ्यांनीच छापला होता, त्यात नुसतं 'शोकाकुल कुटुंब'. नावं यायची होती ती चाळिसाव्याला. आणि चाळिसाव्याला इस्क्रा येणार होती. शनिवारी सकाळी पोचते म्हणाली.

त्या बुधवारी मी छापखान्यात गेले. सगळं गाव थडग्यांवर जातं तो मृतांचा शनिवार तोंडावर आलेला, त्यामुळे गर्दी. बायका दारापर्यंत. गेनाचे केस विस्कटलेले, पेन्सिल कानावर. मला बघून म्हणाली, "ये मावशी. सांग पटापट, कोण कोण?"

मी सांगितलं. बायको, रादा. मुलगा, बोरिल. सून, दाफिना. नात, कालिना. आणि थांबले.

गेनानं वर बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "चला आजी, आमचेही मेलेले आहेत."

मग मी म्हटलं, "आणि मुलगी. इस्क्रा."

सगळ्यात शेवटी. नातीच्याही नंतर. मी तिला जन्म दिला, पहिलं मूल माझं, आणि मी तिला शेवटी सांगितलं. मुद्दाम सांगितलं का? माहीत नाही मला. तोंडातून तसं आलं. गेनानं टाइप केलं, डावीकडच्या यादीत बोटानं मोजलं, एक दोन तीन चार पाच, बरोबर आहे म्हणाली, आणि वीस कागद छापून दिले. लाझारचा फोटो सुंदर आला होता, तो लग्नातला, टोपी घातलेला. मी तोच बघत बसले. खालची अक्षरं मला मुंग्यांसारखी. चार रांगा की पाच, कोण मोजतंय?

गुरुवारी मी सगळे कागद स्वतः लावले. एकटीनं. चिकटपट्टीनं बोटं भरली.

शुक्रवारी सकाळी मिन्का कुंपणावरून ओरडली, "रादा! बरं केलंस हो. कुणीतरी करायलाच हवं होतं."

"काय केलं मी?"

"लेकीला कागदावरून पुसलीस ना! सगळं गाव बोलतंय."

मला काही कळेना. मी म्हटलं, "कुणाला पुसलं? अगं, मी माझ्या तोंडानं नाव सांगितलंय तिचं."

"मग वाच ना," मिन्का म्हणाली. तिला माहीत आहे मला वाचता येत नाही. मग तिलाच वाईट वाटलं असेल, ती कुंपणाला वळसा घालून आली आणि आमच्या दारावरच्या कागदावर बोट ठेवून वाचून दाखवलं. रादा. बोरिल. दाफिना. कालिना. खाली पांढरं.

मी तुझ्या बापाकडे गेले. तो गाडीखाली झोपून काहीतरी खोलत होता.

"बोरिल, कागदावर बहिणीचं नाव नाही, तू बघितलं होतंस?"

"कालच बघितलं," गाडीखालून आवाज आला.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तूच तसं सांगितलं असशील."

दाफिना दारात उभी. ती म्हणाली, "आम्हाला दोघांनाही तसंच वाटलं, आई. म्हटलं, तुमचा निर्णय आहे."

बघ म्हणजे. माझ्या घरातल्या माणसांना वाटलं की मी असं करू शकते! मला कुणाचा राग यावा तेच कळेना. मशीनचा? गेनाचा? माझा? पायात चपला घातल्या आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी बसमधून उतरणार, आणि उतरल्या उतरल्या थांब्यावर बापाचा कागद बघणार, आणि त्यात ती नाही. बाकीचं जाऊ दे, माझ्यासमोर एवढं एकच होतं. तिनं तो कागद बघितला तर ती परत जाईल, आणि या वेळी कायमची.

गेनाला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "शक्य नाही, मावशी. मी मोजलं होतं." मशीन उघडलं. यादीत बोट ठेवलं. "हे बघ. पाचवी ओळ. इस्क्रा."

"मग कागदावर?"

तिनं कागद बघितला. यादी बघितली. पुन्हा कागद. चष्मा काढून पुसला. "इथं आहे," ती म्हणाली. "इथं नाही." आणि खुर्चीत मागे टेकली. इतकी गोंधळलेली ती मी कधी पाहिली नव्हती. स्तामेन गेला तेव्हाही तिला माहीत होतं कुठली चादर कुठं आहे.

"छापायच्या मशीनमध्ये अडकलं असेल," मी म्हटलं.

"नाव काही कागदाच्या कपट्यासारखं अडकत नाही."

"मग शाई संपली असेल."

"वीसही कागदांवर, एकाच ओळीला?"

पुन्हा छापलं. चारच. मशीन बंद केलं, चालू केलं, छापलं. चारच. रालिनाला फोन लावला, ती उचलेना. आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो, जशा काही चोरी झालेल्या घरात बसलोय. सगळी कुलुपं लागलेली, आणि वस्तू गायब.

शेवटी गेनानं तिचा तो चोचींचा कागद उघडला आणि ओळ ओळ मोठ्यानं वाचायला लागली, मला समजावं म्हणून नाही, स्वतःलाच ऐकू यावं म्हणून. "पहिलं नाव, डावीकडून साठ, वरून एकशे एकाहत्तर. दुसरं, साठ, एकशे त्र्याऐंशी. तिसरं, साठ, एकशे पंच्याण्णव. चौथं..." इथं तिनं जरा अडखळून वाचलं, "दोनशे सात. पाचवं, साठ, अठ्ठ्याहत्तर."

"थांब," मी म्हटलं.

"काय?"

"अगं, बारा बारानं चढत आले आणि एकदम घसरले कसे? अठ्ठ्याहत्तर? दोनशे एकोणीस व्हायला हवं ना?"

अक्षरं मला मुंग्या, पण भाव चढत चढत मध्येच पडला तर बाजारातली बाई गप्प बसेल का?

गेनाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. कानावरची पेन्सिल काढली, मयताच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, दोनशे सत्त्याण्णव, म्हणजे कागदाची पूर्ण उंची, त्यातून अठ्ठ्याहत्तर वजा. दोनशे एकोणीस.

"खालून," ती म्हणाली. "मी खालून मोजलं, मावशी. कारखान्यातल्यासारखं. हे मशीन वरून मोजतं. प्रत्येक ओळ मी खालून मोजते आणि मग उलटवते, पाच वर्षं झाली, उलटवतेच. आणि ही एक उलटवायची राहिली."

"म्हणजे नाव गेलं कुठं?"

"वर. वरून अठ्ठ्याहत्तरवर."

"पण वर तर लाझार आहे!"

"हो," गेना म्हणाली.

तिनं काहीतरी दाबलं, आणि पडद्यावरचा फोटो बोटानं धरल्यासारखा बाजूला सरकवला. आणि खाली, जिथं लाझारच्या कोटाचं वरचं बटण होतं ना, तिथं थोडी अक्षरं. मला वाचता येत नाहीत. पण ती मी ओळखली. जन्मदाखल्यावर ती बघितली होती.

"इस्क्रा," गेना म्हणाली.

मी म्हटलं, "ही काय भानगड? दोघं एकाच जागी कशी?"

"मशीनला सांगितलं की इथं, तर ते इथं ठेवतं. तिथं आधीच कोणी बसलंय का ते विचारत नाही. नाव आधी लिहिलंय, फोटो नंतर, म्हणून फोटो वर. नाव खाली आहे. होतंच."

मला अजून कळत नाही हे. आहे, पण दिसत नाही. छापलंय, पण छापलेलं नाही. आणि चूक पण नाही म्हणे, मशीनच्या लेखी सगळं बरोबर!

"पण मग," मी म्हटलं, "एवढ्या दिवसांत कुणाला कसं कळलं नाही?"

"पाच नावं आता कुणाच्या घरात असतात, मावशी? एकेकच मूल, तेही परदेशात. चारसुद्धा होत नाहीत."

"पण तू तरी करून बघितलं असशील ना, आधी?"

ती पेन्सिल फिरवत राहिली. मग हळू बोलली.

"बघितलं होतं. पण मयताच्या कागदावर उगाच जिवंत माणसाचं नाव कसं लिहू? कोणी मेलेलं नसताना? ते बोलावणं धाडल्यासारखं. आणि काहीबाही अक्षरं लिहिणं तर त्याहून वाईट. म्हणून मी माझे मेलेले घातले. आई, बाबा, भाऊ, स्तामेन." तिनं खण उघडून तो जुना कागद काढला. फोटोच्या जागी नुसता राखाडी चौकोन, आणि खाली चार नावं, कशी छान एकाखाली एक. "चार झाले. पाचवं मेलेलं माणूस माझ्याकडे नव्हतं."

रालिना असती तर हसली असती. मी नाही हसले. मीही तसंच केलं असतं. तूही, कालिना, आपल्या गावची असशील तर.

गेनानं आकडा बदलला. दोनशे एकोणीस. पण छापेना. बोट तिथंच अधांतरी.

"आता काय?"

"आता पुन्हा करून बघायला हवं. पाचवीत कोणीतरी घालून. या वेळी मी बघितल्याशिवाय देणार नाही." आणि माझ्याकडे बघेना.

तेव्हा मला समजलं. "घाल माझ्या म्हाताऱ्याला," मी म्हटलं. "लाझारला घाल. तो काही म्हणायचा नाही. तुझ्या स्तामेनशी पत्ते खेळायचा, बसेल शेजारी."

तिनं टाइप केलं. छापलं. कागद गरम गरम बाहेर आला. आई, बाबा, भाऊ, स्तामेन, लाझार. पाचही. तिनं पट्टी लावून मोजलं, खालूनही आणि वरूनही.

मग खरे कागद छापले आणि आम्ही दोघी निघालो. दुकानाच्या दारावर तिनं पाटी उलटी केली, गर्दीतल्या बायका ओरडल्या, ती थांबली नाही. झऱ्यापासून सुरुवात केली. जुना ओरबाडायचा, नवा लावायचा. लिंडनवरचा निघेना, गुरुवारी मी चिकटपट्टी अशी गुंडाळली होती की झाडाची साल निघाली असती. मग त्याच्याच शेजारी नवा लावला. पोस्ट, बेकरी, चर्चचं फाटक. गेना प्रत्येक कागद सरळ आहे का बघायची, मी म्हणायचे, "अगं चल! जगात एखादी गोष्ट तिरकी असू दे." बसथांबा शेवटी ठेवला, कारण पोरगी शनिवारी येणार होती. एवढी अक्कल आमची.

आम्ही कोपऱ्यावरून वळलो तर थांब्यावर एक बाई उभी. चाकांची बॅग, राखाडी कोट. कागदासमोर. वाचत नव्हती, वाचून झालं होतं तिचं.

"इस्क्रा," मी म्हटलं.

ती वळली. किती बारीक झाली होती. "आधीचं विमान मिळालं," ती म्हणाली. मग कागदाकडे मान केली. "मला काढलंस, आई."

तेवढ्यात गेना मध्ये पडली, काखेत कागद, बोटांना चिकटपट्टी, "नाही नाही, तू आहेस, तू खालून अठ्ठ्याहत्तर होतीस, वरून झालीस, उलटवायचं राहिलं, तू फोटोच्या खाली आहेस!"

इस्क्रानं माझ्याकडे बघितलं. "ही काय बोलतेय?"

"मलाही नीट माहीत नाही," मी म्हटलं. "पण खरं आहे."

गेनानं नवा कागद तिच्या हातात दिला. इस्क्रानं बघितला, पाचवी ओळ बघितली. म्हणाली, "हा आत्ता छापलात. कोणीतरी बोललं म्हणून."

आता काय करायचं? ती परतीच्या बसचं वेळापत्रक बघायला लागली. खरंच बघायला लागली. तेव्हा गेनानं तिची बॅगच उचलली आणि चालू पडली. एकसष्ट वर्षांची बाई, आणि बॅग अशी उचलली की चाकं जमिनीला लागली नाहीत. "बॅग हवी असेल तर माझ्या मागून ये!"

छापखान्यात तिनं इस्क्राला खुर्चीत बसवलं. जुना आकडा परत टाकला. नाव गेलं. मग फोटो बाजूला सारला. नाव आलं. फोटो परत आणला. नाव गेलं. तीनदा केलं असेल. चौथ्यांदा इस्क्रानंच फोटो सरकवला, आणि तिथंच थांबली, बापाचा चेहरा एका बाजूला, तिचं नाव एका बाजूला.

"म्हणजे मी होते."

"होतीस," गेना म्हणाली. "बुधवारपासून कागदावर, गुरुवारपासून गावभर. कुणाला दिसली नाहीस एवढंच. चूक माझी आहे, तुझ्या आईची नाही."

मला वाटलं, संपलं. पण ही माझीच पोरगी. तिनं यादीकडे बघितलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"पण पाचवी का? कालिनाच्याही नंतर?"

गेना एकदम कागदांची चळत नीट करायला लागली, नीट असलेली.

मी म्हटलं, "मशीननं नाही केलं ते. ते मी केलं."

"का?"

"तू आली नाहीस म्हणून."

"माझी म्हातारी सिन्योरा त्याच दिवशी मरत होती, आई. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी दार ओढून निघून आले असते तर ती एकटी मेली असती. तिचा हात माझ्या हातात होता आणि फोनवर बोरिल विचारत होता कुठल्या बसनं येतेस." तिनं नाक पुसलं. "मला कळेना कुठं असायला हवं. मी एकाच ठिकाणी असू शकत होते."

"सांगायचंस."

"विचारायचंस."

"राग आहे अजून?" इस्क्रानंच विचारलं.

"आहे थोडा," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "तुला?"

"मलाही."

गेना पाठमोरीच म्हणाली, "माझ्याकडे जागा पाच आहेत. कुणी कुठं बसायचं ते मायलेकींनी ठरवा. मी आकडे टाकते."

"तिला माझ्या खाली घाल," मी म्हटलं. "बोरिलच्या आधी. मोठी आहे ती." आणि मला खरंच तसं हवं होतं. सगळे कागद पुन्हा लावावे लागले असते तरी.

इस्क्रानं टेबलावरचा तो करून बघायचा कागद उचलला. "हे काय? बाबा इथं काय करताहेत? गेनामावशीच्या माणसांत?"

गेनानं तिला सांगितलं, तिच्या पद्धतीनं, खालून आणि वरून. इस्क्राला किती समजलं माहीत नाही. ती त्या पाचव्या ओळीवर अंगठा फिरवत होती.

"या जागेवर पहिले बाबा बसले?"

"हो. त्यांनीच बघून घेतली, ठीक आहे की नाही."

"मग मला तिथंच राहू द्या," इस्क्रा म्हणाली. "काही बदलू नका."

थांब्यावरचा कागद तिनंच लावला. गेनानं फक्त सांगितलं, "डावा कोपरा किंचित वर," आणि तिनं किंचित वर केला. शनिवारी आम्ही थडग्यावर वाइन ओतली, उकडलेले गहू वाटले. मिन्काला मी मूठभर जास्तच दिले, म्हटलं, खा आणि गप्प बस. इस्क्रा आठ दिवस राहिली. आम्ही भांडलोही मधून मधून.

रालिनानं मग फोन उचलला म्हणे, आणि ऐकून म्हणाली, "तरी सांगत होते मावशी, रांगेत बांधा!" गेनानं बांधलं नाही. मीठही तिथंच आहे. पण आता नवा कागद मांडला की ती मला बोलावते. मी जाते, तिच्या शेजारी स्टुलावर बसते, आणि ती मला आकडे वाचून दाखवते, एकशे एकाहत्तर, एकशे त्र्याऐंशी. बाकी ते काय आहे, कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, मला अजून समजत नाही. पण आकडे चढत गेले पाहिजेत. तेवढं मी ऐकते.

आणि लिंडनवरचा तो जुना कागद अजून आहे, चार नावांचा. पावसानं शाई उतरलीय, टोपी तेवढी दिसते. पाणी भरायला गेले की मी लाझारच्या कोटाचं वरचं बटण होतं तिथं बोट ठेवते.